चार मिनिटांचा स्कॅन

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. आई म्हणते, हिच्या जिभेला हाडच नाही. चंद्रपूरजवळ भद्रावतीला फॅक्टरीच्या कॉलनीत वाढले. तिथे भोंगा वाजायच्या पाच मिनिटं आधी बाबा गेटवर हजर असायचे आणि घरात एखाद्याची आंघोळ लांबली तरी बोलणी बसायची. त्यामुळे उशीर करणारं माणूस मला आजही सोसत नाही. पुढे भौतिकशास्त्र शिकून बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत एमआरआयवर काम करायला लागले, तेव्हा बाबांनी विचारलं, तू तिथं नेमकं करतेस काय? मी म्हटलं, मशीन फार वेळ खातं, त्याला शिस्त लावते.

एमआरआयचं मशीन स्वतःहून काही बघत नाही. त्याला आज्ञांची यादी द्यावी लागते. आता रेडिओलहर सोड, आता थांब, आता शरीरातून परत येणारी खूण ऐक, पुन्हा सोड. असं शेकडो वेळा ऐकलं की चित्र तयार होतं. या यादीला पल्स सिक्वेन्स म्हणतात, आणि ती लहान करणं हे माझं काम. बाबांना मी एसटीचा दाखला दिला होता. लाल गाडी रस्त्यात कोणी हात दाखवला तरी थांबते, तशी जुनी यादी. मी जलद गाडी बनवते. कोणते थांबे गाळले तर चालतं, हे ठरवायचं. बाबा म्हणाले, आणि त्या थांब्यावर कोणी उभं असलं तर? मी हसण्यावारी नेलं.

मानेच्या मणक्याच्या तपासणीसाठी मी चार मिनिटांचा सिक्वेन्स बनवला. नेहमीच्या तपासणीला वीस-बावीस मिनिटं लागतात. बंगळुरूला त्याची चित्रं सुरेख यायची. पण तिथे मशीनमध्ये झोपणारे कोण, तर आमचेच विद्यार्थी. धडधाकट, तरुण, हलू नको म्हटलं की दगडासारखे पडून राहणारे. ज्याची मान खरंच दुखते, त्याच्यावर बघायला हवं होतं. मीच हट्ट धरला की चंद्रपूरला बघू. तिथल्या एका खासगी दवाखान्याने तयारी दाखवली, परवानगीचे सगळे कागद झाले. रुग्णाची नेहमीची तपासणी संपली की त्याच्या संमतीने माझी चार मिनिटं जास्तीची घ्यायची, आणि माझ्या चित्रावरून निदान करायचं नाही, असं त्या कागदात स्पष्ट लिहिलं होतं.

दवाखान्यात मशीन चालवणारे तंत्रज्ञ पन्नाशीचे होते. शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना भाऊ म्हणत. मूळचे मुलचेऱ्याकडचे, गोंडी यायची, मोजकं बोलायचे. पहिल्या दिवशी चाचणीसाठी कोण झोपतं म्हटल्यावर तेच झोपले. चित्र आलं आणि माझं डोकं फिरलं. मानेवर उभ्या पांढुरक्या रेघा, एकीशेजारी एक. अशा रेघेला आमच्या कामात भूत म्हणतात. शरीरातलं काहीतरी हललं की त्याची खोटी सावली दुसरीकडे पडते. मी चार लोकांदेखत भाऊंना झापलं. इतकी वर्षं मशीन चालवता आणि चार मिनिटं स्वस्थ पडता येत नाही?

भाऊ म्हणाले, नाई हललो जी.

मग मी स्वतः झोपून पाहिलं. चित्र आरशासारखं स्वच्छ. झालं, भाऊच हलले अशी माझी खात्री पटली. पुढच्या सहा-सात रुग्णांमध्ये कुणाला रेघ यायची, कुणाला नाही. ज्याला यायची त्याच्या नावापुढे मी वहीत ‘हालचाल’ असं लिहून मोकळी व्हायचे.

एक गोष्ट मात्र मी तिथे कोणालाच सांगितली नव्हती. मानेच्या तपासणीत गळ्याची एक भानगड असते. माणूस आवंढा गिळतो, गळा हलतो आणि त्याचं भूत मागे मणक्यावर येऊन पडतं. म्हणून जुन्या यादीत दर वेळी ऐकण्याआधी एक जास्तीची आज्ञा असते, गळ्याला गप्प करणारी. तिला बँड म्हणतात. ती आज्ञा दोन मिनिटं खाते. ती ठेवली असती तर माझा स्कॅन सहा मिनिटांचा झाला असता. सहाचं कोणाला कौतुक? चार मिनिटांत माणूस असा कितीदा गिळणार, असा हिशोब करून मी बँड काढून टाकला. बंगळुरूला माझ्या संशोधनाच्या गाईडलाही मी ते ओझरतंच सांगितलं होतं. पुढच्या आठवड्यात एका मोठ्या बैठकीत तो माझी चार मिनिटं दाखवणार होता.

मे महिना होता. चंद्रपूरचा मे ज्याने पाहिला नाही त्याला काय सांगायचं! बाहेर माणूस भाजून निघत होता आणि मशीन थंड ठेवणारा चिलर दुपारी बारानंतर धापा टाकायचा. तापमान वाढलं की मशीन आपोआप बंद. मग तासभर वाट बघा.

त्या दिवशी सकाळी मुलचेऱ्याच्या पुढच्या एका जंगलगावातून मायलेकी आल्या. आई पंचावन्नच्या आसपासची, हातापायांवर गोंदण, काटक. तेंदूपत्त्याचा भारा डोक्यावर घेऊन येताना नाल्याच्या उतारावर पाय घसरला आणि मान दुमडली होती. तेव्हापासून दोन्ही हातांना मुंग्या, बोटांत जोर नाही. पानांचं पुडकं बांधायला गेली तर दोरी हातातून सुटायची. मुलगी सांगत होती, सकाळी मीच चारलं तिले. आई मात्र आपण त्या गावच्याच नाही अशी भिंतीकडे बघत बसली होती.

भाऊंनी नेहमीची तपासणी सुरू केली. उताणं पडल्यावर तिला असह्य कळा यायच्या. सातव्या मिनिटाला तिने हातातला रबरी फुगा दाबला, म्हणजे मला बाहेर काढा. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. अर्धवट चित्रं, काही म्हणता काही कळेना. दवाखान्याचे चित्रं वाचणारे डॉक्टर घड्याळ आणि चिलरचा आकडा आळीपाळीने बघत होते. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, तुमची ती चार मिनिटं काढा. कागद काय म्हणतो ते मला माहीत आहे, पण दुसरं काही हातात नाही.

खरं लिहायचं तर मला आनंद झाला. बाई कळवळत होती आणि माझ्या मनात आलं, याच दिवसासाठी तर सगळं केलं.

भाऊंनी तिला पुन्हा एकदा सगळं विचारलं. अंगात लोखंड आहे? कुठे सळी, स्क्रू, छर्रा? काही दागिना राहिलाय? ती प्रत्येकाला नाई म्हणाली. खरंच नव्हतं. बांगड्या, गळ्यातली सर, नाकातली फुली, सगळं लेकीच्या ओच्यात होतं. मशीन सुरू झालं. मी काचेतून तिच्या पायांवरून नजर हलवली नाही. अंगठासुद्धा हलला नाही. चार मिनिटं संपली आणि पडद्यावर चित्र उमटलं.

दोन मणक्यांमधली एक गादी थोडी सरकलेली होती. ते अपेक्षितच होतं. पण त्यामागे, मज्जारज्जूच्या ऐन मधोमध, वरून खाली एक पांढरी रेघ होती. सरळ, ठसठशीत. डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले. मज्जारज्जूत पांढरं दिसणं म्हणजे त्याला इजा झाली. हातांतलं बळ गेलेलं, वर ही रेघ. दोन्ही जुळत होतं. त्यांनी नागपूरच्या सर्जनला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, ताबडतोब पाठवा, मान उघडावी लागेल, उशीर झाला तर हात परत येणार नाहीत. अॅम्ब्युलन्स अर्ध्या तासात येणार होती.

मुलीला सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं, मान उघडली का माय वाचते ना जी? डॉक्टर म्हणाले, बहुतेक वेळा काही होत नाही. बहुतेक वेळा, हे तिनेही ऐकलं आणि मीही.

मी पडद्यासमोर बसून होते. ती रेघ माझ्या ओळखीची होती. मी चित्राचा उजेड वाढवला. मानेच्या मागे, शरीर संपल्यावर, जिथे नुसती हवा असते आणि चित्र काळंकुट्ट असायला हवं, तिथे एक फिकट रेघ होती, मधल्या रेघेला समांतर. खरा आजार शरीराबाहेर जात नाही.

पण ती हलली नव्हती. मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मग भूत आलं कुठून? एखाद-दुसऱ्या आवंढ्याने एवढी ठसठशीत रेघ पडत नाही. आणि समजा बाहेरची रेघ भुताची आणि आतली खरी असेल तर? मी सगळं थांबवलं आणि तिचे हात कायमचे गेले तर? असं मी स्वतःला समजावत होते. त्याच्या खाली दुसरंही होतं, ते सांगायला लाज वाटते. ही रेघ खोटी म्हटलं की माझा सिक्वेन्स खोटा. बैठक, गाईड, तीन वर्षं, सगळंच गेलं. मी दहा मिनिटं मूग गिळून बसले. बाहेर मुलगी आईची पिशवी भरत होती.

दार लोटून भाऊ आत आले. दार बंद केलं. हात बांधून उभे राहिले, शाळेत गुन्हा कबूल करायला उभं करतात तसे.

“मॅडम, तुमच्या त्या पह्यल्या दिवशी माह्या तोंडात खर्रा होता.”

मला क्षणभर कळेचना. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखू, सुपारी नि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटतात, त्याला खर्रा म्हणतात. आमच्याकडे लहानथोर, बाया-पुरुष, कित्येकांच्या गालात तो असतो. एकदा दाबला की तासभर तिथेच. तोंडाला सारखं पाणी सुटतं आणि माणूस सारखा गिळत राहतो. दवाखान्यात खर्ऱ्याला सक्त मनाई होती. भाऊंना एकदा तंबी मिळाली होती, दुसऱ्यांदा सापडले तर लेखी मेमो.

ते म्हणाले, त्या दिवशी तुम्ही बोलल्या, मी ऐकून घेतलं, सांगतलं नाई. पण आता त्या बाईच्या मानेवरचं कॉइल, ते पिंजऱ्यावानी, काढताना पाह्यलं. तिच्याही गालात हाय. माही रेघ आन तिची रेघ एकच हाय का, तुम्ही पाहा.

पाहायची काय गरज होती? मी धावतच बाहेर गेले. बाई स्ट्रेचरवर बसली होती, डोळे मिटून. मी विचारलं, मावशी, तोंडात काही आहे का? तिने डोळे उघडले, शांतपणे बोट घालून गालातला गोळा काढला आणि मला दाखवला.

“तुम्ही लोखंड इचारलं होतं, बाई. हे कोनं इचारलं?”

ती रागावली नव्हती. विचारलं त्याचं उत्तर तिने दिलं होतं. घरून निघाल्यापासून दुखणं सोसायला तिच्याजवळ तेवढंच होतं.

तेवढ्यात डॉक्टर आले. भाऊंनी त्यांनाही तेच सांगितलं, स्वतःच्या खर्ऱ्यासकट. डॉक्टरांचा पारा चढला. व्हरांड्यात, नर्सेससमोर, ते भाऊंना नाही नाही ते बोलले. एका खर्ऱ्यापायी बाईची मान कापली गेली असती. तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही लपवलंत. भाऊ मान खाली घालून ऐकत होते. मी शेजारी उभी होते. सगळा दोष खर्ऱ्याचा, असंच चाललं होतं, आणि माझं तोंड उघडत नव्हतं. माझं! जिच्या जिभेला हाड नाही तिचं.

डॉक्टर माझ्याकडे वळले. अॅम्ब्युलन्स गेटात शिरत होती. म्हणाले, चूळ भरायला लावा आणि तुमची चार मिनिटं परत घ्या. तेवढा वेळ चिलर दम धरेल.

हो म्हटलं असतं तर सगळं भागलं असतं. खर्रा बाहेर, चार मिनिटं शाबूत. पण तंबाखू थुंकून टाकली तरी पाणी सुटायचं थांबत नाही. वर कळा येत असताना माणूस आवंढे गिळणारच. बँड नसला तर ती रेघ पुन्हा येणार, थोडी फिकट, आणि फिकट रेघेवर कोणीही पैज लावू शकलं नसतं. लाल गाडीचा तो थांबा मी गाळला होता आणि ही बाई नेमकी तिथेच उभी होती.

“सहा लागतील,” मी म्हटलं.

“चार म्हणालात ना?”

“चारमध्ये खरं चित्र येत नाही. गळ्याचा बँड मी काढून टाकला होता. वेळ वाचवायला. कोणाला सांगितलं नाही. खर्रा नसता तरी कधीतरी कोणाला तरी हे झालंच असतं.”

डॉक्टरांनी शिपायाला सांगून अॅम्ब्युलन्स गेटातच थांबवली. मलाही चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

आता प्रश्न असा की बाई सहा मिनिटं पडणार कशी? सातव्या मिनिटाला ती दोनदा उठली होती, आणि आता तर पार थकली होती. भाऊ म्हणाले, मी आत बसतो. त्यांनी खिसे रिकामे केले, पट्टा काढला, कानांत आवाज अडवणारे बोळे घातले. तिच्याशी गोंडीत काहीतरी बोलले. ती हो म्हणाली. मग ते तिच्या पायथ्याशी बसले आणि तिची दोन्ही पावलं हातांत धरली.

मी यादीत बँड परत घातला. एक आकडा दोनदा चुकला. मशीन सुरू झालं. पहिल्या मिनिटाला चिलरचा आकडा एक घर वर गेला. दुसऱ्या मिनिटाला तिच्या पायाची बोटं आखडली. भाऊंनी अंगठ्याने तळवा दाबला, ती सैल झाली. चौथं मिनिट संपलं, म्हणजे माझी जलद गाडी पोचायची ती वेळ. फुगा धरलेली तिची मूठ आवळत होती. मी काचेवर कपाळ टेकवून नुसती पुटपुटत होते, नको दाबू माय, नको दाबू. चिलर ओरडायला लागला. डॉक्टरांनी बंद करायच्या बटणाकडे हात नेला आणि तिथेच धरला. पाच मिनिटं. साडेपाच. तिने फुगा दाबला नाही.

चित्र आलं. मज्जारज्जू अखंड, एकसारख्या करड्या रंगाचा. मधली रेघ नव्हती. मागच्या हवेतही काही नव्हतं. सरकलेली गादी हातांकडे जाणाऱ्या नसांना दाबत होती, रज्जूला नाही. डॉक्टरांनी तीन वेळा खालीवर करून पाहिलं, नागपूरला चित्र पाठवलं. सर्जन म्हणाले, आत्ता कापायचं कारण नाही, मानेला आधार लावा, औषध द्या, महिन्याने दाखवा. ड्रायव्हरला रिकामी गाडी परत न्यायला सांगितलं तेव्हा मला एकदम रडू फुटलं. मुलगी माझ्याकडे बघून घाबरली, तिला वाटलं आईचं काहीतरी वाईट झालं. मला तिला उलटं समजवावं लागलं.

बाई उठून बसली आणि भाऊंना म्हणाली, माहा खर्रा फेकला का? भाऊंनी हो म्हटल्यावर तिने तोंड वाकडं केलं.

त्याच आठवड्यात भाऊंना लेखी मेमो मिळाला. सगळ्यांसमोर कबूल केलेलं, नाकारायला वाव नव्हता. मी व्यवस्थापनाला पत्र लिहिलं की मूळ चूक माझी, यांनी सांगितलं नसतं तर बाईची मान कापली गेली असती. मेमो तसाच राहिला. भाऊंना एमआरआयवरून काढून एक्स-रेला बसवलं. इकडे बंगळुरूला मी गाईडला सगळं सांगितलं. मला वाटलं, आता धडगत नाही. त्याने बैठकीत चारऐवजी सहा मिनिटं दाखवली आणि माझ्या प्रामाणिकपणाबद्दल दोन ओळींचं कौतुकाचं पत्र पाठवलं. भाऊंनी आणि मी एकाच दिवशी, एकाच व्हरांड्यात कबुली दिली होती. ते पत्र मी घरी कोणाला दाखवलं नाही.

महिन्याने मायलेकी परत आल्या. मी मुद्दाम सुट्टी काढून चंद्रपूरला आले होते. तपासणीआधी मी माझ्या तोंडाने विचारलं, तोंडात काही आहे? आता तो प्रश्न छापील फॉर्मवर पहिला आहे, लोखंडाच्याही आधी. बाई म्हणाली, गेटावर थुंकून आली. मानेचा आधार अजून होता, पण बोटांत जोर आला होता. दाखवायला म्हणून तिने माझ्यासमोर पिशवीच्या तोंडाची दोरी सोडली आणि परत बांधली. गाठ पक्की होती.

मग तिने इकडेतिकडे पाहिलं. विचारलं, तो भाऊ कुठी हाय? मी सांगितलं, खाली, एक्स-रेच्या खोलीत. काऊन? तिने विचारलं. मी सांगितलं, त्यांनी तुमच्या वेळी खर्ऱ्याचं खरं सांगितलं म्हणून. मग तीच पिशवी माझ्या हातात दिली. आत वाळवून फोडलेली चारोळी होती, चांगली किलोभर.

“हे त्याले दे,” ती म्हणाली. “तो माहे पाय धरून होता.”

मी जिना उतरून खाली गेले. एक्स-रेच्या दारात रांग होती. मी पिशवी घेऊन रांगेत उभी राहिले.